पुणं... बाबांच्या कानांनी!

आपल्याच शहरातले छोटे छोटे आनंद शोधायचे म्हणून घराबाहेर पडले. सोबत होते बाबा, ज्यांना समोरचं दिसतं, पण बाजूचं नाही. कसबा पेठ ते मंडई हे अडीच-तीन किलोमीटरचं अंतर कापायला आम्हाला तब्बल चार तास लागले. आणि अठ्ठावीस वर्षं ज्या शहरात राहिले, ते पहिल्यांदा नीट भेटलं...

खरं सांगा, तुम्ही तुमच्या शहरात शेवटचं पायी कधी फिरला होतात? ट्रेडमिलवर नाही हं. पार्किंगपासून मल्टिप्लेक्सच्या लिफ्टपर्यंतही नाही. नुसतंच पायी... हातात काही काम नसताना, कुठे पोचायचं नसताना?

मला तरी आठवेना. ‘आपल्याच शहरातले छोटे आनंद’ असा विषय हातात आला, तेव्हा आधी मी जाम खूश झाले. म्हटलं, हे तर आपल्या घरचंच कार्य! जन्म कसब्यातला, शाळा-कॉलेज इथलंच. अर्ध्या तासात कॉफी शॉपमध्ये बसून लॅपटॉपवर झक्कास यादी तयार केली. मिसळ, मस्तानी, बनमस्का, तुळशीबागेतली कानातली... यादी वाचून बघितली आणि लक्षात आलं, की यातलं सगळं एकतर खायचं आहे, नाहीतर विकत घ्यायचं. शिवाय गेल्या चार-पाच वर्षांत यातल्या एकाही ठिकाणी मी चालत गेलेली नाही. बाइक लावायला जागा शोधायची, हवं ते घ्यायचं, सटकायचं. हीच का आपली पक्की पुणेकरगिरी?

लॅपटॉप बंद करून घरी आले, तर बाबा नेहमीच्या जागी. गॅलरीत, खुर्चीवर, रस्त्याकडे तोंड करून.

स्कूटर गेली आणि...

बाबांना काचबिंदू आहे. हा मोठा लबाड आजार. बहुतेकांच्या बाबतीत दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडेनं कमी होत जाते, आणि समोरचं नीट दिसत असल्यामुळे बरेच दिवस माणसाला पत्ताच लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही. रोज घालायचे ड्रॉप्स असतात, ते उरलेली नजर टिकवण्यासाठी. बाबांचं निदान झालं तेव्हा डाव्या बाजूचं बरंचसं गेलेलं होतं. उजवीकडचंही थोडं. ते स्वतः म्हणतात, “नळीतून बघितल्यासारखं दिसतं गं. नळीच्या तोंडाशी जे असेल ते झकास.”

डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद करायला सांगितलं. बाबांनी चकार शब्द न काढता पुढच्याच आठवड्यात स्कूटर विकून टाकली. आम्हाला वाटलं, किती शहाण्यासारखं घेतलं! पण स्कूटरबरोबर बाकीचंही हळूहळू गेलं. कसब्यातले मित्र गेले, रविवारची मंडई गेली, ग्रंथालय गेलं. आम्ही राहतो पिंपळे सौदागरला, सातव्या मजल्यावर. “चला, सोडते,” म्हटलं की बाबांचं ठरलेलं उत्तर : “कशाला तुझा वेळ घालवतेस?” चौसष्ट वर्षांचा माणूस. चाळीस वर्षं पेठांमधून फिरला. आणि आता गॅलरीतून खालच्या गाड्या मोजतोय.

त्या दिवशी मी वेगळं विचारलं. म्हटलं, “बाबा, मला एक लेख लिहायचाय. तुम्ही मदत कराल का? माझ्याच्यानं होत नाहीये.”

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “तांबट आळी वाजते का अजून?”

वाजते का! दिसते का नाही, आहे का नाही. वाजते का. मला तेव्हा हा शब्द नुसताच गमतीदार वाटला होता.

नदीखालून कसब्यात

शनिवारी सकाळी नाशिक फाट्यावरून मेट्रो पकडली. बाबांची मेट्रोची ही पहिलीच खेप. स्टेशनात शिरल्या शिरल्या त्यांना एक शोध लागला. फरशीवर पिवळ्या, उंचवट्यांच्या पट्ट्या असतात ना? मी आजवर त्यांना डिझाइन समजत होते. बाबांनी चपलेनं चाचपून पाहिलं आणि म्हणाले, “अगं, हा रस्ता आहे!” ज्यांना कमी दिसतं त्यांच्यासाठी तो रस्ताच असतो. पायाला लागत लागत तिकीट खिडकीपासून फलाटापर्यंत नेतो. बाबा त्यावरून असे काही चालले, की जणू पुन्हा स्कूटरच हातात आली.

शिवाजीनगरपासून गाडी जमिनीखाली जाते. सिव्हिल कोर्ट सोडलं की चक्क मुठेच्या पात्राखालून येऊन कसबा पेठेत निघते. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला, आणि नदीखालून पेठेत जाणं पुणेकरांच्या सवयीचंही झालं. पण बाबांना नदी म्हटलं की एकच आठवतं. १२ जुलै १९६१, पानशेत धरण फुटलं तो दिवस. बाबा तेव्हा काही महिन्यांचे होते. आजी त्यांना कडेवर घेऊन, एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्यात रेशन कार्ड धरून शुक्रवार पेठेतल्या मावशीकडे धावली होती, ही गोष्ट आमच्या घरात सत्यनारायणाच्या कथेसारखी सांगितली जाते.

“पासष्ट वर्षांपूर्वी नदी आमच्या घरात आली होती,” बाबा डब्यातल्या शेजारच्या कॉलेजकुमाराला सांगत होते, “आणि आज मी नदीच्या घरातून चाललोय.” त्या मुलानं एका कानातला इयरफोन काढला. मग दुसऱ्याही!

तांबट आळी वाजते!

कसबा ही पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती. बाकीच्या कितीतरी पेठा नंतर वसल्या. सोमवारपासून रविवारपर्यंत आठवड्याचे सातही वार इथे पेठांना आहेत, पण कसब्याला वार नाही. ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच.

स्टेशनातून वर आलो आणि बाबा थांबले. मान किंचित वाकडी केली. मला ट्रॅफिकशिवाय काहीही ऐकू येत नव्हतं. “चल,” म्हणाले, आणि मी रस्ता शोधायला मोबाइल काढेपर्यंत चालायलाही लागले. दोन गल्ल्या गेल्यावर मलाही ऐकू आलं. टण टण टण टण... एका लयीत, मग दुसऱ्या घरातून दुसऱ्या लयीत.

पेशवाईत इथे तांबट वसले आणि तेव्हापासून ही आळी तांब्यावर ठोके घालते आहे. एका दुकानाच्या उंबऱ्याशी आम्ही उभे राहिलो. आत एक काका मांडीत हंडा घेऊन बसले होते. बाबा हळू आवाजात मला कॉमेंटरी ऐकवत होते. “हा आवाज बोदा आहे ना? म्हणजे आकार देतोय अजून. थांब... हां, आता बघ. टणक झाला. आता मठारतोय.”

मठारणं म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं भांड्यावर शेजारी शेजारी एकसारखे ठोके घालत जाणं. प्रत्येक ठोक्याचा एक छोटासा चकचकीत खळगा उमटतो आणि सगळं भांडं आरशाच्या तुकड्यांनी मढवल्यासारखं दिसतं. मला आजवर ती नुसती नक्षी वाटायची. काकांनी सांगितलं, ती नक्षी नाही, ताकद आहे. तापवलं की तांबं मऊ पडतं. ठोके बसत गेले की कडक होतं. बिनठोक्याच्या भांड्याला लगेच पोचे येतात.

“बंब करता का अजून?” बाबांनी विचारलं.

काका हसले. “कोण घेतंय आता? गीझर आले. शोभेला म्हणून नेतात कोणी कोणी, हॉटेलवाले वगैरे. आता पाण्याची बाटली, जग, दिवे. पोरींना आवडतात.” माझ्याकडे बघून म्हणाले. मी खरंच बाटलीच बघत होते!

आमच्या जुन्या घरी बंब होता. बाबांनी मग तो बोटांनी हवेत काढून दाखवला. मधली नळी, त्यात कोळसा, भोवती पाणी, खाली राख पडायची जागा, पुढे तोटी. “सकाळी साडेपाचला आईनं राख काढली, की त्या आवाजानं मला जाग यायची. घड्याळ नव्हतंच.” मला बंब आठवतो तो अंगणात उलटा पडलेला. त्याचा आवाज मला माहीतच नव्हता.

काय दिसतंय, सांग!

तिथून पूर्वेला, नागझरी ओलांडून सोमवार पेठेत गेलो. नागझरीचा आता नाला झालाय, त्याबद्दल न बोललेलंच बरं. पण तिच्याच काठी पुण्यातलं एक अफलातून देऊळ आहे. त्रिशुंड्या गणपती. १७५४ मध्ये बांधायला घेतलं, १७७० मध्ये मूर्तीची प्रतिष्ठापना झाली. काळ्या दगडाचं, बुटकं, आजूबाजूच्या इमारतींत दडलेलं. समोरून शंभर वेळा गेलात तरी लक्षात येणार नाही असं. मी तरी गेलेच होते तशी.

बाबा दाराच्या भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “मला एका वेळी वीतभरच दिसतंय. तू सांग, सगळं मिळून काय आहे?”

मी म्हटलं, “खूप कोरीवकाम आहे.”

“हे काय सांगणं झालं? पत्रकार ना तू?”

मग मला बघावं लागलं. म्हणजे खरंखुरं बघावं लागलं. द्वारपाल. हत्ती. आणि दाराच्या बाजूला... गेंडा? पुण्यात? साखळदंडानं बांधलेला गेंडा आणि त्याच्याजवळ टोपीवाले शिपाई! मी सांगत गेले, बाबा आपली नळी त्या त्या जागी नेत गेले. “शिपायाच्या अंगात काय आहे?” “कोट आहे.” “साखळी कुठे जाते?” “थांबा... बघते.” मी भिंत आख्खी बघत होते, बाबा इंच इंच. दोघांचं मिळून एक चित्र तयार झालं.

१७५७ च्या प्लासीच्या लढाईनंतर बंगाल इंग्रजांच्या मुठीत जात होता, त्याचं हे सूचक शिल्प, असा याचा अर्थ लावला जातो. म्हणजे शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागायच्या कितीतरी आधी पुण्यातल्या एका कारागिरानं त्यांची बातमी दगडात छापून ठेवली होती! ब्रेकिंग न्यूज म्हणतात ती हीच.

आत मूर्ती आहे मोरावर बसलेली, तीन सोंडांची. बाबा खूप वेळ हात जोडून उभे होते. काय मागितलं, ते मी विचारलं नाही.

आणि मग ती बाइक

परत येताना फडके हौदाच्या दिशेनं चाललो होतो. (हौद आता फक्त नावात. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून बंदिस्त नळानं शहरात पाणी आणलं होतं आणि पेठांमधून असे हौद बांधले गेले. पुणेकरांनी पाणी घालवलं, पत्ता ठेवला.) फुटपाथवर दुचाक्यांची रांग, म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलेलो. मी तांबट आळीतले फोटो बघत होते. हो, चालता चालता. तेवढ्यात डावीकडच्या बोळातून एक बाइक सुसाट आली. बाबांच्या डावीकडून, म्हणजे जिथं त्यांच्यासाठी काहीच नसतं तिथून. आरसा त्यांच्या कोपराला घासून गेला. मी किंचाळले आणि त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. इतक्या जोरात, की ते पडता पडता वाचले.

बाइकवाला कधीच पुढे गेला होता. बाबा माझ्यावर उखडले. “ओढतेस काय अशी? मी काय लहान मूल आहे?”

“मग बघून चाला ना!” माझ्या तोंडून निघून गेलं.

बघून चाला. कोणाला म्हणतेय मी हे?

आम्ही दोघंही एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो. गप्प. माझ्या डोळ्यांत पाणी, बाबांच्या कोपरावर लाल रेघ. मनात म्हटलं, झालं. लेख गेला खड्ड्यात, आणि आता हे पुन्हा गॅलरीच्या खुर्चीतून उठायचे नाहीत.

अमृततुल्य, म्हणजे काय ते कळलं

“चहा घेऊ,” शेवटी बाबाच म्हणाले.

रविवार पेठेतून सोन्या मारुती चौकाकडे येताना अमृततुल्य सापडत नाही असं होत नाही. या चहाच्या दुकानांची पुण्यातली परंपरा याच भागातली, १९२४ पासूनची. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी ती रुजवली. दूध, पाणी, साखर, चहा सगळं एकत्र पितळी पातेल्यात उकळायचं, वेलची आणि आलं तिथंच खलबत्त्यात कुटायचं आणि फडक्यातून गाळायचं. “कुटायचा आवाज आला की समजायचं, चहा ताजा पडतोय. आवाज नसला तर पुढं जायचं,” बाबांचा फंडा! गेल्या काही वर्षांत अमृततुल्य नावाच्या साखळ्या गावोगाव निघाल्यात. पण खलाचा आवाज ऐकून दुकान निवडणारं गिऱ्हाईक मी आजच बघितलं.

अर्धा कप झाल्यावर बाबा बोलायला लागले. माझ्याकडे न बघता.

“स्कूटर मी डॉक्टरांनी सांगितलं म्हणून नाही विकली. त्याच्या आधी एक दिवस सकाळी शाळेच्या बसपाशी... डाव्या बाजूनं एक मुलगी आली. सात-आठ वर्षांची. मला दिसलीच नाही. तिच्या आईनं ओढली तिला, आत्ता तू मला ओढलंस ना, तशीच. काही झालं नाही. पण मी घरी येऊन तासभर खाली पार्किंगमध्येच बसलो होतो.”

आईलाही हे माहीत नव्हतं. सहा महिने हा माणूस ती गोष्ट घेऊन गॅलरीत बसला होता आणि आम्ही समजत होतो, ‘किती शहाण्यासारखं घेतलं!’

मी काय बोलणार? दुसरा चहा सांगितला.

मग आम्ही एक सिस्टिम ठरवली. निदानाच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. कमी दिसणाऱ्या माणसाला आपण धरायचं नसतं, त्यानं आपल्याला धरायचं असतं. मी डावीकडे, अर्धं पाऊल पुढे. बाबांचा हात माझ्या कोपरावर. मी वळले की त्यांना कळतं, थांबले की कळतं. ओढाओढ नाही, आरडाओरडा नाही. मोबाइल पर्समध्ये. एवढी साधी गोष्ट, पण ती कळायला कोपर सोलून घ्यावं लागलं.

देवांची नावं आणि लक्ष्मी रोड

पुढचा रस्ता आम्ही एक खेळ खेळत काढला. पुण्यातल्या देवांची नावं आठवायची. जो अडेल तो हरला. जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, बटाट्या मारुती, डुल्या मारुती, भिकारदास मारुती. पासोड्या विठोबा, निवडुंग्या विठोबा, उपाशी विठोबा. माती गणपती, गुपचूप गणपती. खुन्या मुरलीधर! मी सातव्या नावाला गार झाले. बाबा थांबेनात. शेजारून चाललेल्या एक आजी मध्येच म्हणाल्या, “सोट्या म्हसोबा राहिला हो!” आणि पिशवी सावरत निघून गेल्या. ओळख ना पाळख. पण चूक दुरुस्त केल्याशिवाय पुढे जातील तर त्या पुणेकर कसल्या?

लक्ष्मी रोड ओलांडणं म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. २०२१ पासून ११ डिसेंबरला इथं पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी या रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद असतो आणि लोक मधोमध चालतात. वर्षातले उरलेले ३६४ दिवस मात्र आपलं आपण बघायचं. आम्ही काठावर उभे राहिलो. बाबांची बोटं माझ्या कोपरावर घट्ट झाली. मला त्यांच्या बोटांतली भीती कळत होती, त्यांना बहुधा माझी. “रिक्षा जाऊ दे... आता बस येतेय... हां,” ते आवाजावरून सांगत होते, मी बघून. मग दोघंही एकदमच म्हणालो, “चल!”

पलीकडे पोचल्यावर बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी पहिल्यांदा सायकल चालवली होती, तेव्हा मारली होती तशी.

तुळशीबाग आणि मंडई

तुळशीबाग मला माहीत नाही, असं म्हणायची माझी हिंमत नाही. क्लिपा, बांगड्या, पर्सेस, भाव करणं... एकदम एक्स्पर्ट! पण या सगळ्याच्या पोटात एक राममंदिर आहे, १७६१ मध्ये नारो आप्पाजी खिरे यांनी उभारायला घेतलेलं, ते मी आत जाऊन कधी बघितलं होतं? लहानपणी आईचा हात धरून. दुकानांच्या गर्दीतून दारात पाऊल टाकलं, की दोन पावलांत आवाज कमी होतो. बाबा म्हणाले, “कळलं? कानावर कोणीतरी हात ठेवल्यासारखं होतं.” खरंच होतं. डोळे मिटून बघा.

बाहेर भातुकलीची दुकानं. इवलीशी पितळी पातेली, कळशी, जातं. बाबांनी एक पळी उचलली, वाटीवर वाजवली, ठेवली. दुसरी वाजवली. “तुझी अशी होती. हाच आवाज. जेवायला वाढलंय असं सांगायला वाजवायचीस.” दुकानदारानं न विचारताच कागदात बांधली. आता ती माझ्या टेबलावर आहे, पेनांच्या शेजारी.

मंडईत पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मधला अष्टकोनी मनोरा, काळ्या दगडाच्या कमानी, कौलारू छपरं. १८८० च्या दशकात ही बांधली तेव्हा मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव हिला दिलं होतं. या बांधकामावरच्या खर्चाला महात्मा फुल्यांचा विरोध होता. हा पैसा शिक्षणावर घाला, असं त्यांचं म्हणणं. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला फुल्यांचं नाव मिळालं. इथल्या राजकीय गप्पांच्या फडाला पुणेकर ‘मंडई विद्यापीठ’ म्हणायचे ते उगाच नाही!

मंडईत बाबांना माझ्या कोपराची गरजच पडली नाही. त्यांनी नाकानं वाट काढली. कोथिंबीर, मग आलं-लसूण, मग एकदम लिंबं. एका गाळ्यापाशी थांबून त्यांनी नुसतं “मेथी कशी?” विचारलं. पलीकडून मावशी म्हणाल्या, “अहो काका! कुठं होता? गावाला गेला होता होय?”

बाबा क्षणभर थांबले. मग म्हणाले, “हो. जरा लांब गेलो होतो. आलो आता.”

मेथीच्या दोन जुड्या घेतल्या. मावशींनी वर कढीपत्ता टाकला, फुकट. छोटे आनंद म्हणजे काय, यावर माझ्याकडे याहून चांगलं उदाहरण नाही.

मग पुढच्या बुधवारी...

मंडईतूनच मेट्रोनं परत आलो. गाडीत बाबा म्हणाले, “बुधवारी मी एकटाच जाईन म्हणतो.”

पोटात गोळा आला. तोंडावर ‘नाही’ आलंच होतं. ती बाइक, तो आरसा. पण ती पिवळी पट्टी, लक्ष्मी रोडवरची थाप आणि मावशींचं ‘कुठं होता’ हेही आठवलं. बाबांना सांभाळायचं म्हणून आम्ही त्यांना सातव्या मजल्यावर ठेवून दिलं होतं, माळ्यावर बंब ठेवतात तसं. मी म्हटलं, “जा. पण फक्त मंडई. स्टेशनातून वर, मंडई, परत. लक्ष्मी रोड नाही. आणि पांढरी काठी घ्यायची.” काठीला ते आजवर नाही म्हणत आले होते. कारण काठी घेतली की लोकांना कळतं. या वेळी म्हणाले, “घेतो. बाइकवाल्यालाही कळू दे.”

बुधवारी सकाळी दहा ते साडेबारा मी एक ओळही लिहू शकले नाही. फोन समोर ठेवून बसले होते. बाराला वाजला. पलीकडे जाम गोंगाट.

“अगं, मेथी नाही चांगली आज. चाकवत आणू का?”

आणा बाबा. काय वाट्टेल ते आणा.

चौकट : तुम्हीही निघा!

• कसबा पेठ स्टेशनला उतरा, मंडई स्टेशनला गाडी पकडा. गाडी-पार्किंगची भानगडच नको. मध्ये तांबट आळी, त्रिशुंड्या गणपती, सोन्या मारुती चौक, तुळशीबाग.

• तांबट आळी ऐकायची असेल तर कामाच्या दिवशी सकाळी जा. आत डोकावण्याआधी विचारा. लोक कामात असतात, ते प्रदर्शन नव्हे.

• घरातल्या एखाद्या ज्येष्ठ माणसाला बरोबर घ्या आणि पुढे त्यांना चालू द्या. वेळ लागेल. लागू द्या.

• इयरफोन घरी ठेवा. इतकी गाणी रस्त्यावरच वाजतात.

• आई, वडील किंवा भावंडांपैकी कोणाला काचबिंदू असेल, तर आपल्यालाही धोका जास्त असतो. लक्षण दिसायची वाट न बघता डोळ्यांचा दाब, नस आणि बाजूची नजर तपासून घ्या. मी घेतली. सध्या सगळं ठीक आहे. दरवर्षी जायचं ठरवलंय... बाबांच्या कोपराला धरून!